फवारणीचा ड्रोन भरकटतोय? जीपीएसचा बिघाड टप्प्याटप्प्यानं कसा शोधायचा

वावरात ड्रोन भरकटला की धुऱ्यावरच्या प्रत्येकाकडे एकच निदान तयार असतं: "सॅटेलाइटच नाही भेटून राहिले." मग कोणी ढगांवर ढकलतं, कोणी मोबाइल टॉवरवर. वर्धा-यवतमाळ पट्ट्यात कापूस, तूर, सोयाबीनवर फवारणी करताना आणि नवीन पायलटांचे ड्रोन तपासताना मला वेगळंच दिसत आलं आहे. आकाशात सॅटेलाइट भरपूर असतात. बिघाड बहुतेक वेळा ड्रोनच्या अंगावर असतो, नाहीतर तो जिथून उडवला त्या जागेत. एका वेळी एकच गोष्ट तपासली, तर तो घरच्या घरी सापडतो.

नुकतंच रिमोट पायलट सर्टिफिकेट मिळालेली पोरं आणि 'नमो ड्रोन दीदी' योजनेतून बचत गटाला ड्रोन मिळालेल्या ताया, या दोघांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक अट. बिघाड सापडेपर्यंत टाकीत औषध भरायचं नाही. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात किती घरं उघडी पडली, ते आपण पाहिलं आहे. दिशा सुटलेला भरलेला ड्रोन शेजारच्या वावरात निंदण करणाऱ्या बायांच्या डोक्यावर जाऊ शकतो. खालच्या सगळ्या चाचण्या रिकाम्या टाकीवर किंवा साध्या पाण्यावर करा.

काय काय जवळ ठेवायचं

- ड्रोनचं मॅन्युअल (तुमच्याच मॉडेलचं, मित्राच्या ड्रोनचं चालत नाही)
- सॅटेलाइटची संख्या आणि चुंबकीय क्षेत्र दाखवणारं मोफत अॅप टाकलेला फोन
- षटकोनी पान्यांचा लहान संच आणि चुंबक नसलेला स्क्रूड्रायव्हर
- मल्टिमीटर
- मऊ ब्रश, कापूस, आयसोप्रोपिल अल्कोहोल
- केबल टाय, पांढरा पेंट मार्कर
- वही आणि पेन

कागदपत्रं: ड्रोनचा युआयएन (नोंदणी क्रमांक), तुमचं रिमोट पायलट सर्टिफिकेट, विम्याची प्रत, खरेदीचं बिल आणि वॉरंटी कार्ड. चाचणीचं उड्डाण हेही उड्डाणच असतं, ड्रोन नियम २०२१ त्यालाही लागू होतात. त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर, उडवायला मोकळीक आहे की नाही ते दाखवणारा जागेचा रंग आधी पाहा. पुलगावचा दारूगोळा डेपो, भद्रावती आणि भंडाऱ्याचे आयुध कारखाने, नागपूर विमानतळाचा परिसर आणि व्याघ्र प्रकल्प यांच्या आसपास "फक्त दोन मिनिटं उडवून पाहतो" हा विचारही करू नका.

१. आधी लक्षण लिहून काढा

"ड्रोन नीट चालत नाही" एवढ्यानं काहीच हाती लागत नाही. नेमकं काय झालं ते वहीत लिहा, कारण प्रत्येक लक्षणाचा रस्ता वेगळा आहे.

एका जागी थांबवलेला ड्रोन गोल फिरायला लागला आणि घेर वाढतच गेला, तर संशय कंपासवर (ड्रोनला दिशा सांगणाऱ्या चुंबकीय सेन्सरवर) घ्या. जीपीएस सांगतं "तू दोन हात उजवीकडे सरकलास", ड्रोन डावीकडे यायला जातो, पण त्याची डावी बाजूच चुकीची ठरलेली असते. म्हणून जितकं सावरायला जातो तितका तो फिरत राहतो.

ड्रोन शांत असताना एकदम एका बाजूला झटका मारत असेल, किंवा स्क्रीनवरचा ठिपका उडी घेत असेल, तर जीपीएसचा संकेतच तुटतो आहे किंवा कशावर तरी आपटून येतो आहे.

सॅटेलाइटचा आकडा वाढतच नसेल, किंवा चढून एकदम शून्यावर येत असेल, तर वायर, अँटेना किंवा जवळचं एखादं उपकरण पाहा.

ड्रोन छान सरळ चालतो, पण कालच्या आणि आजच्या ओळींत एखाद-दोन मीटरचा फरक पडतो, तर हा बिघाडच नाही. त्याबद्दल सातव्या टप्प्यात लिहिलं आहे.

उंची खालीवर होत असेल, तर जीपीएसच्या मागे लागू नका. पिकावरची उंची खालच्या रडारवर आणि हवेच्या दाबाच्या सेन्सरवर चालते. रडारवर वाळलेला चिखल आहे का ते आधी पुसून पाहा.

२. दोष जागेचा की यंत्राचा?

ड्रोन मोकळ्या वावरात ठेवा. दहा-पंधरा पावलं दूर जाऊन फोनवर सॅटेलाइटचं अॅप उघडा आणि दोन्हीकडचे आकडे पाहा. फोनला भरपूर सॅटेलाइट आणि ड्रोनला मोजकेच मिळत असतील, तर दोष ड्रोनचा. दोघांनाही कमी मिळत असतील, तर दोष जागेचा. अर्ध्या लोकांचा गोंधळ इथेच मिटतो.

सॅटेलाइटच्या आकड्याबरोबर एचडीओपी नावाचा आकडा दिसतो, तोही पाहायला शिका. सॅटेलाइट आकाशात किती पसरलेले आहेत ते त्यावरून कळतं. तो जितका लहान तितकं चांगलं. बऱ्याच फ्लाइट कंट्रोलरमध्ये (ड्रोनच्या मेंदूत) उड्डाणाची मर्यादा १.४ च्या आसपास ठेवलेली असते. स्थान काढायला चार सॅटेलाइट पुरतात हे पुस्तकात बरोबर आहे, पण चारावर फवारणीचा ड्रोन उडवायचा नसतो. किमान किती हवेत ते तुमच्या मॅन्युअलमध्ये असतं. तो आकडा रिमोटच्या मागे चिकटवून ठेवा.

इथे घाईसुद्धा नडते. ड्रोन बरेच दिवस बंद होता किंवा दुसऱ्या राज्यातून नवीनच आला असेल, तर कोणता सॅटेलाइट कुठे असेल याची त्याच्याकडची जुनी यादी उपयोगाची राहत नाही. नवी यादी सॅटेलाइटकडून पूर्ण उतरायला १२.५ मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी मोकळ्या आकाशाखाली पंधरा मिनिटं चालू ठेवून शांत बसा.

ढगांमुळे जीपीएस जात नाही. हा संकेत ढगातून आरपार येतो. मोबाइलची रेंज नसली तरी जीपीएस चालतं, मेळघाटात आणि गडचिरोलीतही चालतं. रेंज लागते ती नकाशा उतरवायला आणि इंटरनेटवरून आरटीके (स्थान सेंटिमीटरपर्यंत अचूक करणारी दुरुस्ती) घ्यायला. अडचण येते ती भिजलेल्या दाट पानांची. जीपीएसचे सॅटेलाइट सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून बोलतात आणि जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा संकेत अतिशय क्षीण झालेला असतो. पावसानंतर चिंचेखाली किंवा सागाच्या कडेला उभं राहिलात, तर आकडा लगेच उतरलेला दिसेल.

३. उडवण्याची जागा

नवीन माणूस हटकून सपाट जागा शोधतो आणि ती मिळते विहिरीच्या सिमेंटच्या ओट्यावर, घराच्या स्लॅबवर, नाहीतर पिकअपच्या फाळक्यावर. तिन्ही ठिकाणी खाली लोखंड असतं. कंपासला ते लोखंड दिसतं, ड्रोन तीच दिशा खरी धरून वर जातो आणि दोन मीटरवर गेल्यावर गोंधळतो.

एक सोपी चाचणी करा. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला असतं. फोनवर ते दाखवणारं अॅप उघडून फोन जमिनीपासून वीतभर उंचीवर धरा आणि जिथे ड्रोन ठेवणार तिथे फिरवा. मोकळ्या काळ्या मातीत आकडा जवळपास स्थिर राहतो. विहिरीच्या ओट्यावर सळईवरून फोन गेला की तो साठ-सत्तरच्या पुढे उसळतो आणि पुन्हा खाली येतो. असा आकडा नाचत असेल, तर तिथून उडवू नका. एक जाड प्लास्टिकची ताडपत्री वावरात अंथरा, तेवढी पुरते.

टिनाचं शेड, मोटारपंपाची पेटी, डीपी, ट्रॅक्टर आणि बोअरचा केसिंग पाइप यांच्यापासूनही लांब राहा. टिनाच्या पत्र्यावरून आणि पाण्यावरून जीपीएसचा संकेत परावर्तित होतो. मग ड्रोनला एकच सॅटेलाइट दोन वाटांनी ऐकू येतो आणि स्थान उडी मारतं.

उच्चदाबाच्या तारांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण विदर्भात त्यांचं जाळं दाट आहे. साध्या एसी लाइनचं क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतं, त्यामुळे दूर असलात तर कंपासवर फारसा परिणाम होत नाही. मनोऱ्याचं लोखंड मात्र जवळ गेलं की नडतं. चंद्रपूरहून पडघ्याला जाणारी ५०० केव्हीची लाइन डीसी आहे. डीसी प्रवाहाचं क्षेत्र एकाच दिशेला स्थिर राहतं, म्हणून तिच्याजवळ कंपास खरोखर सरकतो. वावरातून अशी लाइन जात असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंचा रुंद पट्टा ड्रोनला आखून दिलेल्या वावराच्या सीमारेषेतूनच वगळा आणि तो हातपंपानं फवारा. तारेला धडकायची भीती आहेच, ती वेगळी.

४. खांब, बाण आणि वायर

बहुतेक फवारणी ड्रोनवर जीपीएसची गोल डबी एका छोट्या खांबावर बसवलेली असते आणि कंपासही त्याच डबीत असतो. डबीवर एक बाण असतो. तो ड्रोनच्या तोंडाच्या दिशेनंच हवा.

खांबाला हात लावून हलकेच पिळून पाहा. घडीचा स्क्रू ढिला असेल, तर डबी बोटभर फिरते. पिकअपमध्ये खडबडीत पांदण रस्त्यानं ड्रोन नेल्यावर हे हमखास होतं. डबी दुहेरी टेपनं चिकटवलेली असेल, तर आणखी जपा. मे महिन्यात टिनाच्या खोलीत ठेवलेल्या ड्रोनचा टेप उन्हानं मऊ पडतो आणि डबी सरकते. जून-जुलैच्या पहिल्या फवारणीला ड्रोन तिरका चालतो आणि नाव सॅटेलाइटचं होतं. बाण नीट लावून घट्ट केलात की डबी आणि खांब यांच्यावरून पांढऱ्या मार्करची एक सरळ रेघ ओढा. पुढे कधीही ती रेघ तुटलेली दिसली, की डबी फिरली हे एका नजरेत कळतं.

आता वायर. बॅटरी काढा. डबीपासून फ्लाइट कंट्रोलरपर्यंत वायरवरून बोट फिरवत जा. कुठे चिमटली आहे का, घासली आहे का? कनेक्टर काढून पिना पाहा. औषधाचे तुषार आणि धुण्याचं पाणी आत जाऊन पिनांवर हिरवट पांढरी बुरशीसारखी पुटं धरतात. ब्रश आणि अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या, "टक" आवाज येईपर्यंत बसवा आणि केबल टायनं वायरचा ताण काढून टाका. मग बॅटरी लावून, पंखे काढून, वायर हलकेच हलवा. सॅटेलाइटचा आकडा शून्यावर जाऊन पुन्हा चढला, तर बिघाड सापडला. ती वायर बदलायचीच, टेप गुंडाळून चालवायची नाही.

शेवटी ड्रोनवर बाहेरून काय काय बसवलं आहे ते पाहा. चोरीच्या भीतीनं सिमकार्डवाला स्वस्त ट्रॅकर, व्हिडिओसाठी कॅमेरा, रात्रीचे एलईडी दिवे. यांतली बरीच उपकरणं जीपीएसच्या लहरींमध्ये गोंगाट करतात. सगळं काढा, आकडा पाहा, मग एकेक परत लावा. टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता) असलेल्या ड्रोनवर काहीही वाढवण्याआधी उत्पादकाला लेखी विचारलेलं बरं.

५. कंपास

ड्रोननं थोडी कुरबुर केली की लोक लगेच कंपास कॅलिब्रेट करतात, म्हणजे त्याची दिशा नव्यानं जुळवतात, तेही जिथे उभे असतील तिथेच. डीपीजवळ केलेलं कॅलिब्रेशन म्हणजे चुकीचं गणित पक्कं करून ठेवणं. रोज करायची गरज नसते. डबी, मोटार किंवा वायर बदलली, ड्रोन शे-दीडशे किलोमीटर दूर नेला किंवा मॅन्युअलनं सांगितलं, तरच करा.

आधी न करता तपासा. ड्रोन मोकळ्या जागी ठेवा, पंखे काढलेले असू द्या. दूर उभं राहून फोनच्या कंपासनं उत्तर ठरवा आणि जमिनीवर काठीनं रेघ मारा. ड्रोनचं तोंड उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असं चारही बाजूंना वळवा आणि प्रत्येक वेळी स्क्रीनवरचे अंश वहीत लिहा. आता वही वाचा. चारही दिशांना फरक जवळपास सारखा असेल, समजा प्रत्येक वेळी १५ अंश, तर डबी फिरलेली आहे. चौथ्या टप्प्यावर परत जा. फरक दिशेप्रमाणे बदलत असेल, उत्तरेला २ आणि पूर्वेला २०, तर ड्रोनवरच कुठेतरी लोखंड किंवा चुंबक आहे किंवा जुनं कॅलिब्रेशन बिघडलेलं आहे. ही वही मला कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा भरवशाची वाटते.

कॅलिब्रेशन करायचं ठरलं तर टाकी रिकामी करा आणि गाडीपासून निदान पन्नास पावलं दूर जा. मोठा ड्रोन दोघांनी उचलावा लागतो. दोघांच्याही खिशातून फोन, किल्ल्या, चाकू बाहेर काढा. लोखंडी बकलचा पट्टा आणि स्टीलच्या टोकाचे बूट काढा. काचेच्या बांगड्या आणि सोन्याच्या पाटल्यांनी काही होत नाही, पण कमरेला खोचलेला विळा चालत नाही. सावकाश, सगळ्या बाजूंनी फिरवा. झाल्यावर चार दिशांची चाचणी पुन्हा करा. "यशस्वी" असा संदेश आला म्हणून सोडून देऊ नका.

६. चाचणीआधी: ड्रोन हातात घ्यायची तयारी

हा टप्पा कोणीही गाळू नये.

ड्रोन गोल फिरायला लागला की बोट आपसूक "घरी परत" बटणावर जातं. ते दाबू नका. परत येण्यासाठी तो त्याच बिघडलेल्या जीपीएस आणि कंपासवर विसंबतो आणि जोरात उलट्या दिशेला जाऊ शकतो. जीपीएस न वापरणाऱ्या मोडवर जा. कुठे त्याला अॅटिट्यूड मोड म्हणतात, कुठे अल्टिट्यूड होल्ड. या मोडमध्ये ड्रोन उंची धरतो, पण वाऱ्याबरोबर वाहतो आणि ब्रेक लागत नाही. रिमोटची काडी हळू वापरून त्याला मोकळ्या बाजूला घ्या आणि उतरवा.

काही ड्रोनमध्ये हा मोड कुठल्याच स्विचवर लावलेला नसतो. जमिनीवर असतानाच स्विच टाकून स्क्रीनवर नाव बदलतं का ते पाहा. बदलत नसेल, तर चाचणीचं उड्डाण करू नका, उत्पादकाकडून आधी लावून घ्या. मग वारा पडलेला असताना, सकाळी, रिकाम्या टाकीवर या मोडमध्ये उतरवायचा सराव करा.

७. रिकामा, मग पाणी भरून

माणसं आणि जनावरं दूर. रिकामा ड्रोन दोन-तीन मीटरवर एका जागी थांबवा आणि पाहा. ठीक असेल तर उतरवा, टाकी पाण्यानं पूर्ण भरा आणि तेच पुन्हा करा.

रिकामा स्थिर आणि भरलेला फिरतो, हे लक्षण बरंच काही सांगतं. भार वाढला की मोटारी जास्त करंट ओढतात, त्या करंटभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि बॅटरीची जाड वायर डबीच्या खालून जात असेल तर कंपास भार वाढेल तसा सरकतो. सर्व्हिस सेंटरमध्ये ड्रोन रिकामाच उडवून "ठीक आहे" म्हणून परत देतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच. लाल-काळी वायर एकमेकींना पीळ देऊन जोडीनं न्यावी आणि डबीपासून लांब ठेवावी. हे काम वॉरंटीत असलेल्या ड्रोनवर स्वतः करू नका, पण काय करायचं ते तंत्रज्ञाला सांगा.

दोन्ही वेळा स्थिर असेल, तर राहिला ओळी सरकण्याचा प्रश्न. साध्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक धरूनच चालायचं असतं. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची 'गगन' यंत्रणा ती कमी करते. तिचं एक संदर्भ केंद्र नागपुरात आहे. तुमचा रिसीव्हर ती वापरतो का ते पाहा. दोन-तीन सेंटिमीटरची अचूकता हवी असेल, तर आरटीके लागतं. भूमी अभिलेखची मोजणी आता रोव्हर नावाच्या फिरत्या रिसीव्हरनं होते ती याच तत्त्वावर. आरटीके असलेल्यांनी स्क्रीनवर "फिक्स" (स्थान पक्कं) आहे की "फ्लोट" (अजून अंदाजे) ते पाहावं. फ्लोटमध्ये ती अचूकता मिळत नाही. स्वतःचा बेस (आरटीकेसाठी एका जागी स्थिर ठेवलेला रिसीव्हर) लावत असाल, तर तिपाईच्या जागी खुंटी ठोकून ठेवा. बेस हलला की साठवलेल्या सगळ्या सीमारेषा तेवढ्याच सरकतात.

आणि सीमारेषा सॅटेलाइटच्या फोटोवर बोट ठेवून आखू नका. तो फोटोच काही मीटर सरकलेला असू शकतो. धुऱ्यावरून रिमोट घेऊन चालत कोपरे घ्या, प्रत्येक कोपऱ्यावर थोडं थांबा आणि शेजाऱ्याच्या बाजूनं दोन-तीन मीटर सोडा. शेजारी रेशमाची तुती असेल, तर याहून बरंच जास्त सोडा.

८. कधीतरीच येणारा त्रास

सगळं नीट असूनही सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्चमध्ये सूर्यास्तानंतर आकडे नाचताना दिसले, तर ते वातावरणाच्या वरच्या थरामुळे असू शकतं. आपल्या अक्षांशावर अंधार पडल्यावर आयनोस्फियर अस्थिर होतं आणि सूर्यावर हालचाल जास्त असेल त्या वर्षांत हे वाढतं. मे २०२४ च्या मोठ्या सौर वादळात अमेरिकेत जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांची पेरणी अडली होती. यावर दुरुस्ती नाही. दिवस मावळायच्या आत काम आटपा.

९. सर्व्हिस सेंटरला पाठवताना

एवढं करूनही दोष राहिला तर ड्रोन पाठवा, पण नुसता पाठवू नका. लक्षणांचं पान, चार दिशांचे अंश, रिकाम्या आणि भरलेल्या उड्डाणात काय झालं ते, स्क्रीनचा व्हिडिओ आणि त्या उड्डाणाची लॉग फाइल (ड्रोननं स्वतः साठवलेली नोंद) एवढं द्या. लॉग फाइल आधी स्वतःच्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, दुरुस्तीत मेमरी पुसली जाऊ शकते. कोणता भाग बदलला ते बिलावर लिहून मागा.

परत आल्यावर "नवीन सॉफ्टवेअर टाकलं, आता बघा" असं ऐकू येईल. नवीन सॉफ्टवेअरबरोबर कॅलिब्रेशन आणि मोडचे स्विच कधी कधी मूळ स्थितीत जातात. म्हणून पांढरी रेघ, चार दिशा, मोडचा स्विच आणि पाणी भरलेलं उड्डाण हे चारही पुन्हा करा. औषधाची बाटली त्यानंतरच उघडा.